शेवटचं लाल

हौसाआक्का पहिल्या भेटीत कुणाचं नाव विचारायची नाही. "काल काय खाल्लंस?" असं विचारायची. आमच्या साहेबांनाही तिनं तेच विचारलं होतं म्हणे, आणि मलाही.

मी शेळ्यांच्या शेडच्या फाटकात उभी होते. हातात एक कापडी पिशवी, निपाणीच्या तंबाखू वखारीत पाच वर्षं काढून छातीत बसलेला खोकला आणि सातवीत सुटलेली शाळा, एवढाच माझा ऐवज.

"काल काय खाल्लंस?"

"भात."

"आनि आज?"

"भातच."

"कुठली गं तू?"

"कणकुंबीची. खानापूरच्या वर, जंगलातली."

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, बाजारात गिऱ्हाईक शेळी बघतं तसं. "मंग तू तांदळाचं पोतं. हितं जुंधळ्याचा मुलूख हाय. टिकत न्हाईस."

त्या दिवसापासून माझं नाव कणकुंबी पडलं. चार वर्षांत तिनं माझं खरं नाव एकदाही घेतलं नाही. तिला ते माहीत होतं की नाही, हेही मला सांगता येणार नाही.

आता मी घरापासून फार लांब आहे. कच्छात एका मोठ्या शेळीफार्मवर करडांचं सगळं मी बघते. इथं मला 'बेन' म्हणतात, खोलीला दार आहे, दाराला कडी आहे, आणि ती लागली का हे मी तीनदा बघते. परवा नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "करडू हातात घेतलं की तुम्ही आधी त्याच्या डाव्या कुशीला कान का लावता? कुणी शिकवलं?" मी म्हटलं, एका बाईनं. त्या म्हणाल्या, चांगली असणार बाई. चांगली हा शब्द हौसाआक्काच्या अंगाला कुठंच बसत नाही.

आमची शेड निपाणीच्या बाहेर होती. तिथं वाढत्या करडांवर चाऱ्याची चाचणी चालायची. कोणता चारा घालायचा, जाड कापून की दळून, तो पोटात किती वेळ राहतो, त्यातला किती अंगाला लागतो, हे बघायचं. साहेब कन्नड मुलखातले, बोलायला सौम्य, लिहायला कडक. झाडलोट, पाणी, चारा कापणं आणि वहीत आकडे लिहिणं माझ्याकडं. आणि शेडच्या पूर्वेच्या खिडकीखाली सिमेंटच्या कट्ट्यावर एक बारीक चाळणी, एक पांढरी थाळी आणि हौसाआक्का.

काम असं होतं. कडब्याचे तुकडे लाल रंगात उकळायचे, रंग निघेनासा होईपर्यंत धुवायचे, वाळवायचे. एका सकाळी प्रत्येक करडाला त्यातले मूठभर खाऊ घालायचे. मग त्याच्या मागं कापडी पिशवी बांधायची. ठरल्या वेळी पिशवी रिकामी करायची, लेंड्या पुडीत बांधायच्या, पुडीवर करडाचा नंबर आणि वेळ घालायची. आक्का त्या लेंड्या भिजवायची, चाळणीवर धुवायची, उरलेला चोथा थाळीत पसरायची आणि त्यातले लाल तुकडे एकेक करून वेचायची. साहेबांनी तिला स्टीलचा चिमटा दिला होता. तिनं तो करडांच्या खुरातली घाण काढायला ठेवला आणि स्वतः बाभळीचा काटा वापरायची. पहिलं लाल दुसऱ्या दिवशी दिसायचं. मग वाढत जायचं, मग कमी होत जायचं. सलग तीन पुड्यांत एकही लाल मिळालं नाही की ती म्हणायची, "आयतु. बंद." म्हणजे झालं. त्या करडाचं पोट त्या सकाळपासून मोकळं झालं. मी वहीत लिहायचे.

"शेळी म्हंजे नळी गं," ती म्हणायची. "वरनं घाल, खालनं घे. मधी काय ऱ्हायलं तेवढीच शेळी. बाकी सगळा येणारा-जाणारा माल."

आमच्या भागात बायकाही 'मी जातो, मी सांगतो' असं बोलतात. तिच्या तोंडी ते हुकमासारखं वाटायचं. इरकल लुगडं, मिश्रीनं काळे झालेले दात, आणि हात मात्र पांढरेफटक. चुन्याच्या पाण्यानं तीस वर्षं धुतलेले. निपाणीच्या मटण बाजारात ती वजडी, म्हणजे कापलेल्या जनावरांची पोटं-आतडी, साफ करायची. साहेब एकदा पोटांची मापं घ्यायला म्हणून तिथं वजडी आणायला गेले, तर हिनं परातीत बघून सांगितलं, "ही उसाचं वाडं खाऊन वाढलेली. ही डोंगरातली. आनि ही तुमच्यासारख्या कुणीतरी घरात बांधून भाकरी चारून मारलेली." साहेबांनी तिला तिथनंच उचलून आणलं. तिला एक मुलगा होता, बेळगावला ऑफिसात. आईच्या हाताला वास येतो म्हणून सुनेनं तिला पाण्याच्या भांड्याला शिवू दिलं नव्हतं. आक्का हे हसत सांगायची. "वास माझ्या हाताला न्हाय. त्येच्या शिक्षणाला हाय. त्यो कुठं धुतोय बघू."

तिसऱ्या का चौथ्या दिवशी दूध पिणारं एक करडू बाटली तोंडात धरत नव्हतं, म्हणून मी त्याचं तोंड वर करून दूध घशात ओतलं. पाठीत असा धपाटा बसला की मी खालीच बसले.

"वतू नगस! चोखू दे. चोखलं की आतलं दार लागतंय आनि दूध सरळ शेवटच्या पोटात जातंय. वतलंस की पैल्या पोटात पडतंय. तितं दुधाचं काय काम न्हाय, तितं ते कुजतंय. मरंल आनि तू म्हणशील, मी तर पाजत होतो."

मग तिनं मला बाजारातनं आणलेली दोन पोटं दाखवली. एक दूधपित्या करडाचं. त्याचा पहिला कप्पा, ज्याला ती कोथळा म्हणायची, लिंबाएवढा होता आणि शेवटचा चांगला मोठा. दुसरं चाऱ्यावर वाढलेल्याचं. त्यात उलटं. कोथळा असा की माझे दोन्ही हात कोपरापर्यंत आत गेले आणि आतनं जाड टॉवेलासारखं खरखरीत लागलं. "हे केस चाऱ्यानं येत्यात. दुधानं येत न्हाईत. पोट आईच्या पोटातनं येत न्हाय, कणकुंबी. खात-खात करावं लागतंय." माझे हात आतच होते. तिनं ते बाहेर काढू दिले नाहीत. "हं, आता सांग. जाळीचं कुठलं? पुस्तकाच्या पानांवानी कुठलं? चुकलीस तर सांजपातूर हितंच." मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा नाही चुकले, आणि आजही चुकत नाही.

करडांना नाव ठेवायचं नाही, हा तिचा नियम. कानातल्या बिल्ल्यावरचा नंबर तेवढा खरा. "नाव ठेवलं की मरताना तरास हुतोय. त्येला न्हाय. तुला." कारण चाचणी संपली की निम्मी करडं कापली जायची. आतले कप्पे वजन करून बघायचे असायचे. पहिल्या खेपेला तिनं मुद्दाम मला पाय धरायला लावले. "चार म्हैनं चारलंस न्हवं? आता चार मिन्टं धर." मी तोंड फिरवलं तर तिनं हनुवटी धरून परत तिकडं केलं.

एकदा बेळगावच्या कॉलेजची पोरं बघायला आली. नाकाला रुमाल. आक्का थाळीत काट्यानं वेचत बसलेली. एक पोरगा म्हणाला, "आजी, तुम्हाला घाण नाही वाटत?"

"कसली घाण? गवत हाय. शेळीनं दोनदा वाचून टाकलेलं." तिनं रवंथ करणाऱ्या एका करडाकडं बोट केलं. "बघ की. एकदा गिळली, आता परत काढून चावतीय. तू किती वाचतोस?"

"रोज वाचतो की."

"एकदा का दोनदा?"

पोरं हसायला लागली. तिनं त्याच्या नाकावरचा रुमाल ओढून घेतला, त्यानं थाळीची कड पुसली आणि परत त्याच्या खिशात घातला. "काल काय खाल्लंस?" "पिझ्झा." "मंग उद्या सकाळी तुझ्यापरास ही थाळी बरी." साहेब दुसरीकडं तोंड करून हसले. मी शाळा सोडलेली बाई, मलाही बरं वाटलं. तेवढ्यात ती माझ्याकडं वळली. "तू कशाला दात काढतीस? त्यो एकदा तरी वाचतोय."

आता भाताचं सांगते.

दिवाळीचा पाडवा होता. आमच्याकडं त्या दिवशी गोठ्यातल्या जनावराला आधी गोड खाऊ घालतात, मग घरच्यांनी जेवायचं. नव्या तांदळाचा भात, त्यात गूळ. मी तेव्हा दोन वर्षं घरी गेले नव्हते. सकाळी खोलीवर भात शिजवला, गूळ घातला, डब्यातून शेडला आणला आणि माझ्या लाइनीतल्या तीन करडांपुढं केळीच्या पानावर ठेवला. त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. एकोणीस नंबर दांडगं होतं. मी मनातल्या मनात तिला सोनी म्हणायचे. तिनं बाकीच्या दोघींना ढकलून जवळजवळ सगळं एकटीनंच खाल्लं. मला कौतुक वाटलं. मग मी जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनी दात खात उभी होती. करकर आवाज यायचा. डावी कूस फुगलेली, दाबली की आत पाणी डुचमळल्यासारखं. मागनं पातळ, आंबट वासाचं. आक्कानं तिच्या डाव्या कुशीला कान लावला. वाढत्या करडाच्या कोथळ्यात सारखं काहीतरी फिरत असतं, लांब कुठं दळणाचं जातं ओढल्यासारखा आवाज येतो, थांबतो, परत येतो. तिनं बराच वेळ कान काढला नाही. मग माझं डोकं धरून तिथं लावलं.

"काय ऐकू येतंय?"

"काय न्हाय."

"व्हय. काय न्हाय. जातं थांबलं. काय घातलंस?"

 तिनं सोनीचं तोंड उघडून वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मग सोडा पाण्यात कालवून तो पाजला, कूस चोळली, तिला ओढत ओढत उभी ठेवली, पडली की पायानं ढोसून उठवली. मला तिला हात लावू दिला नाही. बाकीच्या दोघी थोडक्यात वाचल्या. सोनी दुपारी गेली.

आक्कानं साहेबांना बोलावलं, वॉचमनला बोलावलं, आणि सुरी माझ्या हातात दिली.

"मी न्हाय आक्का. पाया पडतो."

"फाड."

मी फाडलं. कोथळा उघडला तर आंबट वाफ तोंडावर आली.

"हात घाल. काढ. काय हाय?"

"भात."

"सायबाला ऐकू आलं न्हाय."

"भात, आक्का!"

"किती?"

मी मूठ-मूठ काढून थाळीत ठेवत गेले. तांदूळ फुगून पांढरे झाले होते. आतलं अस्तर नुसत्या बोटानं निघत होतं, भाजलेल्या वांग्याची साल निघते तसं. "बघितलंस?" ती म्हणाली. "तिच्या पोटात जे किडे-जंतू चारा कुजवून तिला जगवत्यात, त्यांना तू एकाच दिवशी गोडाचं जेवान घातलंस. त्यांनी सगळं आंबवलं आनि तिचंच पोट भाजलं. हे तुझ्या मायेनं झालं. वैऱ्यानं एवढं केलं नसतं."

साहेब म्हणाले, "उद्यापासून हिला नको. चाचणी बिघडवली."

मी जमिनीकडं बघत होते. वखारीत परत जायचं म्हणजे त्या छातीवर किती दिवस, हे मला माहीत होतं.

"काढू नगासा," आक्का म्हणाली. ती हात धूत होती, वर बघितलंसुद्धा नाही. "ही आता जल्मात घालणार न्हाय. नवी आणशीला, तर ती घालंल. परत एक करडू जाईल."

एवढंच बोलली. मला धीर दिला नाही, डोळे पुसले नाहीत. पुढं वर्षभर माझ्या जेवणाचा डबा उघडला की सगळ्यांदेखत वास घेऊन म्हणायची, "भातच न्हवं? लांब बस करडापास्नं." पण आज माझ्या पायाखाली जी जमीन आहे, ती त्या चार वाक्यांची आहे. हे मी विसरले असं होणार नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

त्यानंतर ती मला थाळीशी बसवायला लागली. काट्याच्या टोकावर तुकडा धरायची. "सांग, लाल का तपकिरी?" "लाल." "हं." दुसरा. "हे?" "तपकिरी." "हं." आधी ती चुकीवर टपून असायची. हळूहळू चूक काढेनाशी झाली. मी सांगेन ते 'हं'. मला वाटलं, मी शिकले. रात्री खोलीवर जाऊन आईला फोनवर सांगितलं की आक्का आता मला ओरडत नाही.

शेवटच्या चाचणीत निम्म्या करडांना जाड कापलेला कडबा होता आणि निम्म्यांना दळलेला. दळलेला लवकर निसटतो, जाड अडकून राहतो, रवंथ होऊन बारीक झाल्याशिवाय पुढं सरकत नाही. एवढं मलाही कळत होतं. पण वहीत दोन्हींचं शेवटचं लाल तिसऱ्या दिवशीच पडलेलं. साहेबांनी मला बोलावलं.

"जाड आणि दळलेलं एकाच वेळी बाहेर? असं होत नाही. पुड्या तू बांधतेस, वही तू लिहितेस."

"साहेब, मी आक्का सांगतात तेच—"

"भाताचं आठवतंय ना? शनिवारपर्यंत बघ कुठं चुकलं ते. नाहीतर सोमवारपासून येऊ नको."

मला एक खोड आहे. आक्कानं 'बंद' म्हटलं तरी मी पिशव्या लगेच सोडत नसे. चुकून आधी सोडल्या तर, ही भीती. दोन-दोन दिवस जास्त पुड्या बांधून कोपऱ्यात ठेवायचे आणि मग गपचूप टाकून द्यायचे. जाड कडब्यावरच्या पंधरा नंबरच्या तसल्या पुड्या अजून पडून होत्या. दुपारी आक्का कट्ट्यावर कलंडलेली असताना मी त्या भिजवल्या, धुतल्या, पसरल्या. लाल होतं. चौथ्या दिवशीच्या पुडीत खच्चून, पाचव्या दिवशी सकाळच्या पुडीत पाच तुकडे.

ती उठली. मी चोथा परत पुड्यांत भरला आणि थाळी पुसून ठेवली. तिनं अजून तपासायची राहिलेली बावीस नंबरची पुडी घेतली, थाळी पसरली, तोंड अगदी जवळ नेलं. तिच्या डाव्या अंगठ्याला लागून तीन तुकडे होते, कुंकवाच्या बोटांसारखे. काटा त्यांच्यावरनं गेला.

"काय न्हाय," ती म्हणाली. "लिव्ह."

मी पेन धरून बसले. मग म्हटलं, "आक्का, डाव्या अंगठ्यापाशी."

तिचा काटा तिथं गेला आणि थांबला.  करडं रवंथ करत होती.

"कवापास्नं कळलं तुला?"

"आज. पंधरा नंबरच्या पुड्यांत."

"हं. मला उन्हाळ्यापास्नं." मग म्हणाली, "सायेब तुलाच धरनार."

"व्हय. शनिवारपातूर."

"मंग सांग जा." तिनं ते तीन तुकडे बोटानं चाचपून वेचले आणि माझ्या तळहातावर ठेवले. "मी तुझं सांगितलतं, तसं सांग."

त्या 'तसं'मध्ये काय होतं, ते मला कळलं होतं. कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. तिनं माझं दोन भागांत सांगितलं होतं. हिनं घातलं, हा एक भाग. हिला काढू नका, हा दुसरा.

मी साहेबांच्या खोलीत गेले. पुड्या दाखवल्या, तीन तुकडे दाखवले. आक्कांना लाल दिसत नाही, असं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरेरे," म्हणाले. मग, "आता चाळणीवर कोण? तू बसशील?"

तिथं जागा होती. एका वाक्याची जागा होती. आक्काला डोळ्यांचं काम नको द्या, तिचा कान आहे, हात आहेत, आजारी करडू तिच्याइतकं कुणाला कळतं, असं मी म्हणू शकले असते. साहेब ऐकणारे होते. पण चाळणीजवळ धूळ नव्हती, खिडकीचा वारा होता, ती जागा कायमची होती, आणि मला वाटलं की मी आणखी काही मागितलं तर हेही जाईल.

"व्हय साहेब," मी म्हटलं. "बसतो."

साहेब कट्ट्यापाशी गेले. "आयतु, आक्का," ते हळू म्हणाले. "साकु." झालं. पुरे.

तिनं त्यांच्याकडं नाही, माझ्या दिशेला तोंड केलं. थोडं थांबली. मी वही छातीशी धरून उभी होते. मग तिनं थाळी धुतली, पालथी घातली, चाळणी खुंटीला अडकवली. चाळणी, थाळी, बसायचा पाट, सगळं ठेवलं. काटा तेवढा अंबाड्यात खोचून घेऊन गेली.

मी दीड वर्ष त्या कट्ट्यावर बसले. स्टीलच्या चिमट्यानं वेचायचे. माझे आकडे साहेबांनी पसंत केले आणि त्यांच्याच ओळखीनं इकडचं काम मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी बाजारात गेले.

मटणाच्या गाळ्यामागं नळापाशी ती बसली होती. पुढं परात, गरम पाण्याची बादली, चुना. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं. पण हात तसेच. एका हातानं आतडं धरायचं, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांतनं ओढायचं, आतला सगळा माल पुढं सरकत जाऊन बादलीत पडायचा. कोथळा उलटा करून गरम पाण्यात बुडवला की काळं अस्तर निघून पांढरं टॉवेल वर यायचं. कुठंही न बघता.

मी बोलायचं धाडस करत नव्हते. खोकल्यानं घात केला.

"कणकुंबी?"

"व्हय आक्का."

"काल काय खाल्लंस?"

"भात."

"अजून भातच." तिचे हात चालूच होते. "पंधरा नंबरचं शेवटचं लाल कवा पडलं?"

मला वाटलं नव्हतं ती हे विचारेल. "पाचव्या दिवशी. सकाळच्या पुडीत पाच."

हात थांबले. ओठ हलत होते. "आनि मी तिसऱ्याला बंद म्हणालतो. दोन दिस." तिनं मान हलवली. "दोन दिस त्या पोटात माल हुता आनि मी रिकामं म्हणालो. मग बरं काढलं मला. खरं सांगितलंस तू."

तिनं पुढचं आतडं ओढून रिकामं केलं.

"आनि मागनं काय म्हणालीस सायबाला?"

ती मान जराशी तिरकी करून थांबली. करडाच्या कुशीला कान लावून थांबायची, अगदी तशी. आत काही फिरतंय का, येतंय का. गाळ्यावर सुरी लाकडावर आपटत होती. 

"काय न्हाय, आक्का."

"हं," ती म्हणाली. "काय न्हाय."

मी पिशवीतनं तिच्यासाठी आणलेलं लुगडं काढायला लागले. कागद वाजला. तिनं ओला हात वर केला आणि मला थांबवलं.

"सर तिकडं," ती म्हणाली. "उजेड आडवतीयास."

मी सरले. उन्हाचा पट्टा परातीत पडला, आणि तिनं मान खाली घालून, बघितल्यासारखं करून, पुढचं पोट हातात घेतलं.